हिंगोली डेक्कनची इंग्रजी

पूर्णा-अकोला लोहमार्गावरच्या आमच्या स्टेशनाचं नाव पिवळ्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असं लिहिलेलं आहे. दक्खन हा आपलाच शब्द. गोऱ्या साहेबाच्या तोंडी त्याचा डेक्कन झाला आणि त्याच रूपात तो आमच्या गावाच्या नावाला येऊन चिकटला. त्याच मार्गावर पुढे वसमत लागतं. रेल्वेच्या पाटीवर त्याचं ‘बसमत’ होतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नोंदीत मात्र इंग्रजीतही ‘वसमत’च आहे. एकाच गावाची इंग्रजीत दोन रूपं, आणि दोन्ही सरकारी. निजामाच्या कागदांतला ब आणि मराठी तोंडातला व असे दोन्ही उच्चार इंग्रजी लिपीत जाऊन बसले, आणि कुणी कुणाला हटवलं नाही.

या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. हिंगोली जिल्ह्यात बोलली जाणारी इंग्रजी म्हणजे मोडकीतोडकी, लाजेकाजेस्तव बोललेली इंग्रजी, असं आपण स्वतःच धरून चालतो. मुलाखतीहून परतलेला मुलगा सांगतो, “सगळं येत होतं, पण आपली इंग्लिश गावठी हाय ना.” या ‘गावठी’ शब्दात किती पिढ्यांचा इतिहास दडला आहे याची त्याला कुणी कल्पना दिलेली नसते. ती कल्पना यावी, हा या लेखनाचा हेतू.

आधी जगाकडे पाहू. एकच एक शुद्ध इंग्रजी कुठेही नांदत नाही. खुद्द इंग्लंडात न्यूकॅसलचा माणूस आणि लंडनचा माणूस एकाच शब्दाचा स्वर वेगळा काढतात. स्कॉटलंडचा र लंडनला नाही. सिंगापूरची इंग्रजी चिनी, मलय आणि तमिळ वळणं घेऊन चालते. ब्रज काचरू या काश्मिरी भाषावैज्ञानिकाने १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ती मातृभाषा असलेले देश, मधल्या वर्तुळात आपल्यासारखे साम्राज्याच्या वाटेने ती स्वीकारलेले देश, आणि बाहेरच्या वर्तुळात ती परकी म्हणून शिकणारे. मधल्या वर्तुळातल्या इंग्रजीला स्वतःचे नियम असतात आणि तिला चुकांचं गाठोडं समजू नये, हे त्यांनी आयुष्यभर ठासून सांगितलं.

या प्रकारांत सगळ्यात वेगळी गोष्ट पिजिनची. दोन समाज व्यापाराला किंवा मजुरीला एकत्र आले, एकमेकांची भाषा कुणालाच येत नाही, तेव्हा थोडक्या शब्दांची, प्रत्यय गाळलेली कामचलाऊ भाषा उभी राहते. ती पिजिन. पुढे मुलं तिच्यातच जन्मली, वाढली की ती भरत जाते आणि पूर्ण भाषा होते. तिला क्रिओल म्हणतात. पापुआ न्यू गिनीमधली टोक पिसिन मळ्यांवरच्या मजुरांत अशीच वाढली, आज ती तिथली एक राजभाषा आहे. नायजेरियातली पिजिन कोट्यवधी लोक बोलतात. बीबीसीने २०१७ मध्ये पश्चिम आफ्रिकेसाठी पिजिनमधून बातम्या द्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही मद्रासेत साहेबांच्या घरी काम करणाऱ्या नोकरांची ‘बटलर इंग्लिश’ होती.

मग हिंगोलीत पिजिन का उभी राहिली नाही? छावणी तर इथेही होती. निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखालच्या हैदराबाद कंटिन्जंटचं हिंगोली हे एक ठाणं होतं, आणि ते १९०३ पर्यंत टिकलं. शहरातला रिसाला बाजार आजही घोडदळाचं नाव सांगतो. माझं उत्तर असं की ज्या कामासाठी पिजिन लागते ते काम इथे दक्खिनी उर्दूने आधीच उचललेलं होतं. तेलंगी व्यापारी, मराठी कुणबी, उत्तरेतून आलेला शिपाई, तांड्यावरचा बंजारा, सगळे बाजारात दक्खिनीत भेटत होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यालाच हिंदुस्थानीची परीक्षा द्यावी लागे. म्हणजे या भागात साहेब आमच्या बाजारभाषेकडे आला. आम्हाला त्याच्या भाषेकडे धावावं लागलं नाही. त्यामुळे इंग्रजी इथे सुरुवातीला वाक्यांनी आली नाही, ती सुट्या शब्दांनी आली: पलटण, रंगरूट, परेड, लालटेन. हे शब्द कानाने घेतलेले, म्हणून मराठी जिभेवर पार मुरलेले. आज पलटणीत कुणाला प्लॅटून दिसत नाही.

देवघेव एकतर्फी नव्हती. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सैन्यातला अधिकारी. त्याची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये निघाली आणि ‘ठग’ हा शब्द इंग्रजी वाचकांत रुळवण्यात तिचा मोठा हात आहे. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीचा उल्लेख येतो: तिथे प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा एक माणूस ठगांचा म्होरक्या निघाला आणि खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार झालेला होता. आज न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात हा शब्द छापून येतो, त्याच्या प्रवासात आमच्या गावचीही धूळ आहे.

मुंबई-पुण्याची इंग्रजी आणि आमची इंग्रजी यांत जो फरक आहे तो बराचसा राज्यकारभाराने पाडलेला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, इंग्रजी माध्यमाचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं ते त्या वातावरणात. हैदराबाद संस्थानात गोष्ट वेगळी होती. दरबारची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. वैद्यक, गणित, कायदा हे सगळं तिथे उर्दूत शिकवायचं म्हणून भाषांतराचं एक स्वतंत्र खातंच काढलं होतं. पाश्चात्त्य ज्ञान देशी भाषेत आणण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मोकळेपणाने मान्य करावं. मराठी मुलाला मात्र तिथे मातृभाषेऐवजी दुसऱ्याच भाषेच्या दारातून आत जावं लागे, हेही तितकंच खरं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. तेव्हा कुठे इंग्रजी ही पदवीची, नोकरीची, परीक्षेची भाषा म्हणून आमच्या दारात आली. मुंबई-पुण्याला तोवर तिची शंभर वर्षं उलटली होती. हिंगोली परभणीपासून निघून वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पुढच्याच वर्षी, २००० पासून, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. ज्या गुरुजींनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली त्यांच्याकडे सहा वर्षांची मुलं इंग्रजी शिकायला बसली.

म्हणून आमच्याकडे इंग्रजीचे दोन थर आहेत. एक कानाने आलेला, एक डोळ्याने. कानाने आलेला थर शेतात, बाजारात, दवाखान्यात सापडतो. डोळ्याने आलेला शाळेत आणि कचेरीत. या दोहोंत गल्लत केली की सगळंच चुकीचं दिसू लागतं.

कानाचा थर जवळून पाहायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीच्या शेतात जावं. हळद ‘बेड’वर लावलेली असते, गादीवाफा हा शब्द कृषी खात्याच्या पुस्तिकेत. वाण बहुतेक ‘सेलम’, तमिळनाडूतल्या सेलमचं नाव. कुणी त्याला ‘शेलम’ही म्हणतो. खाली ‘ड्रिप’. काढणी झाली की ट्रॅक्टरमागे बांधून ‘कुकर’ येतो. घरातल्या शिट्टीच्या कुकरशी त्याचं नातं इतकंच की दोन्हीत वाफ असते. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, बाजूला हळदीने भरलेले ड्रम. वाफ सोडली की थोड्या वेळात ड्रमातून कच्चा, मातकट, गोडसर वास उठतो. शिजलेली हळकुंडं उन्हात पसरली जातात, वाळली की फिरत्या ड्रमात घालून ‘पॉलिश’ होतात आणि मग हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात किंवा वसमतला ‘बीट’ला, म्हणजे लिलावाला, जातात. मध्येच शेजारच्या बांधावरून हाक येते:

“दादा, कुकर कवा यायलाय आमच्याकडं?”

“लाईट कुठंय? डीपी जळाली ना राजेहो. मोटर बंद, टाकी रिकामी.”

“मग टेन्शन कशाला घ्यायलास, टँकर सांग की.”

या तीन ओळींत इंग्रजीतून आलेले सहा शब्द आहेत आणि एकही वाक्य इंग्रजीचं नाही. लाईट म्हणजे इथे उजेड नाही, वीज. आणि वीज स्त्रीलिंगी म्हणून लाईटही स्त्रीलिंगी. डीपी म्हणजे रोहित्र. रोहित्र हा शब्द बातमीत भेटतो, बांधावर नाही. ‘यायलाय’, ‘घ्यायलास’ ही खास मराठवाड्याची चालू क्रिया. पुण्याचा माणूस तिथे ‘येतोय’, ‘घेतोयस’ म्हणेल. परका शब्द आला की आमची बोली त्याला आधी लिंग देते, मग अनेकवचन देते, फायलचं फायली, मशीनचं मिशन आणि मिशनी, आणि मग त्याला एखादं मराठी क्रियापद जोडून कामाला लावते: रोटा मारला, रिचार्ज मारला, सलाईन लावली, केस पास झाली. ही सगळी व्यवस्था कुणी शिकवलेली नाही आणि ती सहसा मोडतही नाही. ज्या गोष्टीला नियम आहे आणि जी गोष्ट सगळा तालुका एकाच पद्धतीने करतो, तिला चूक म्हणायचं कशाच्या आधारावर?

आता डोळ्याचा थर. पुस्तकातून शिकलेली इंग्रजी अक्षरं पाहून बोलली जाते. आठवड्यातल्या बुधवारचं स्पेलिंग पाठ करताना ‘वेडनेसडे’ म्हणायची सवय लागते आणि ती कित्येकांच्या उच्चारातही राहते. याचं ताजं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा एकमेकींना काटकोनात असलेली ही वेधशाळा अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या जोडीला काम करेल. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली. अमेरिकेत तिला ‘लायगो’ म्हणतात. आमच्या वर्तमानपत्रांनी अक्षरं वाचली आणि ‘लिगो’ छापलं. औंढ्याच्या चहाच्या टपरीवर ‘लिगो’च चालतं. उद्या तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील तेव्हा ‘लायगो’ आणि ‘लिगो’ एकाच टेबलावर बसतील. दोघांनाही एकमेकांचं कळेल.

उच्चारांकडे बारकाईने पाहिलं की प्रत्येक वेगळेपणामागे कुठली तरी मातृभाषा उभी दिसते. मराठी माणूस शून्याला ‘झिरो’ म्हणतो, हिंदी पट्ट्यातला ‘जीरो’. हिंगोलीच्या दक्खिनी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मात्र उर्दूमुळे हा घर्षक ध्वनी आयताच मिळालेला असतो. इंग्रजीच्या तासाला तो या एका बाबतीत वर्गाच्या पुढे असतो आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. एस, एम, एल ही अक्षरं खेड्यात येस, येम, येल होतात, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात एसटीची यष्टी झाली. आमच्याकडे स्टँडचं इष्टँड होतं, जोडाक्षराआधी इ घेण्याची लकब उर्दूतही आहे. ऑफिसचं हापिस, हॉटेलचं हाटेल, डॉक्टरचं डाक्टर. या मोकळ्या ऑ-साठी आणि ॲ-साठी मराठीने लिपीत वेगळी चिन्हं घेतली, पण खेड्यातल्या जिभेने आपल्या जुन्या आ-वरच काम भागवलं. सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यावरच्या मुलाची कथा आणखी लांबची. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि मग इंग्रजी. चौथ्या भाषेत तो जे बोलतो त्यात आधीच्या तिन्हींचे ठसे असणारच. त्याला ‘उच्चार सुधार’ म्हणण्याआधी चार भाषा पेलणाऱ्या त्या मुलाच्या मेंदूला नमस्कार करायला हवा.

वर्गाच्या दारात रोज घडणारी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उशिरा आलेलं पोर उंबऱ्यावर थांबतं आणि एका दमात म्हणतं, “मे आय कमिंग सर?” शिक्षक हसतात किंवा रागावतात. पण पोराने काय केलं? त्याने वाक्य पुस्तकातून घेतलं नाही, कानाने घेतलं. ‘कम इन’ जलद बोललं की ‘कमिन’ होतं, आणि ‘कमिन’च्या सगळ्यात जवळचं त्याला ठाऊक असलेलं रूप म्हणजे ‘कमिंग’. ऐकलेल्याचा अर्थ लावण्याची ही धडपड म्हणजे भाषा शिकण्याचं पहिलं लक्षण. दुरुस्ती करावी, जरूर करावी. पण दुरुस्ती करताना त्या मुलाला हसू नये, एवढंच मला सगळ्या शिक्षकांना कळकळीने सांगायचं आहे. एकदा हसलं की ते पोर वर्षभर दारातून मुकाट्याने आत येतं.

वाक्यरचनेतही हेच. मराठी माणसाला ताप ‘असतो’, म्हणून इंग्रजीत ‘आय ॲम हॅविंग फीवर’. मराठीत ‘लहान लहान तुकडे’, म्हणून ‘स्मॉल स्मॉल पीसेस’. चहा-बिहाच्या चालीवर इंग्लिश-बिंग्लिश. यातलं बरंचसं भारतभर चालतं, आणि ‘प्रीपोन’सारखा भारतात रुळलेला शब्द तर इंग्रजी शब्दकोशांनीही घेतला. राजा राव यांनी ‘कांथापुरा’ या १९३८ च्या कादंबरीला लिहिलेली छोटी प्रस्तावना या बाबतीत पायाची आहे. कर्नाटकातल्या खेड्याची गोष्ट परक्या भाषेत सांगताना त्या भाषेला आपल्या बोलण्याची लय द्यावी लागते, आणि कधीतरी आपली इंग्रजी आयरिश किंवा अमेरिकन इंग्रजीइतकीच ठळक बोली होईल, अशा आशयाचं ते बोलले होते. तेव्हा स्वातंत्र्यही मिळालेलं नव्हतं.

मी व्याकरणाच्या शिस्तीविरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला बँकेची परीक्षा द्यायची आहे, परिचारिका होऊन परदेशी जायचं आहे, तर तिला प्रमाण इंग्रजी लिहिता आलीच पाहिजे. बोलीचं कौतुक करत तिला त्यापासून वंचित ठेवणं हा अन्यायच. प्रश्न एवढाच की मर्यादित वेळात आपण कशावर घाम गाळायचा. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाविदुषीने २००० साली याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं. वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलताना गैरसमज नेमके कुठे होतात हे तिने तपासलं. ‘थिंक’मधला थ हुबेहूब इंग्लंडचा नसला तरी फारसं बिघडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा गोंधळ आणि वाक्यातला चुकीच्या शब्दावरचा जोर मात्र खरोखर अडवतो.

ही गोष्ट आम्हाला फार उपयोगाची आहे. मराठी लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घावर भांडतो, पण बोलताना इ-ई मधला फरक जवळपास पाळत नाही. म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’, जहाज आणि मेंढी, आमच्या तोंडी एकच होतात. तिथे मेहनत घ्यावी. दुसरं, इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचा प, ट, क किंचित हवा सोडून उच्चारतात. आपण तो कोरडा उच्चारतो, त्यामुळे आपली ‘पिन’ इंग्रजी कानाला ‘बिन’ वाटू शकते. गंमत अशी की महाप्राण व्यंजनांची आख्खी रांग आपल्या बाराखडीत तयार आहे. फक्त ती इथे कामाला येते हे मुलांना कुणी दाखवत नाही. तिसरं, इंग्रजी एका अक्षरावर जोर देते आणि बाकीची गिळते. मराठी सगळ्यांना सारखा मान देते. एवढ्या तीन गोष्टी नेटाने शिकवल्या तर हिंगोलीचा मुलगा हिंगोलीच्याच हेलाने बोलून कुठेही समजला जाईल. त्याचा ट, त्याचा व, त्याची चाल राहू द्यावी.

बोलीची नोंद कोण घेतं यावरही बरंच अवलंबून असतं. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये आला, पण हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत नव्हतं. वऱ्हाडीचे नमुने छापले गेले. सरहद्दीच्या अलीकडे बोलणारे आम्ही बाहेर राहिलो. पुढे गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला, आणि डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेऊन माणसांची बोलणीच ध्वनिमुद्रित केली. बोली अशी नोंदवली जाते तेव्हा तिच्यातली डीपी आणि कुकरही नोंदवले गेले पाहिजेत. ते वगळून ‘शुद्ध’ बोली गोळा केली तर ती आज कुणीही बोलत नसलेली भाषा होईल.

आणि परक्या भाषेत आपल्या हेलाने बोलण्याची परंपरा या मातीला नवी नाही. हिंगोलीजवळचं नरसी हे संत नामदेवांचं मूळ गाव मानलं जातं. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, तिथल्या लोकांशी तिथल्या भाषेत बोलले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यांच्या भाषेत मराठीच्या खुणा अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. ती पदं गाणाऱ्यांनी आणि जपणाऱ्यांनी त्या खुणा पुसल्या नाहीत. नरसीच्या माणसाचा हेल शतकानुशतकं आदराने गायला जातो आहे. आपल्या मुलांची इंग्रजी ऐकताना हे आठवावं.

आता पुढच्या पानांविषयी थोडं. शब्द जसा ऐकला तसाच लिहिला आहे. हापिस आणि ऑफिस दोन्ही रूपं मिळाली तिथे दोन्ही दिली आहेत आणि कुठलं कोण बोलतं तेही सांगितलं आहे. अर्थ शब्दकोशातला नाही, वापरातला आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत उच्चार बदलतो तिथे खूण केली आहे. शिक्षकांनी शाळेचं प्रकरण आधी वाचावं. बाकीच्यांनी हळदीपासून सुरुवात केली तर बरं, कारण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात पक्के शब्द तिथे आहेत. आणि ज्यांना आपल्या गावचा शब्द इथे सापडणार नाही त्यांनी तो उच्चारासकट लिहून ठेवावा. आजीच्या तोंडचा शब्द असेल तर फोनवर तिच्या आवाजातच टिपून घ्यावा. लिहिलेल्या शब्दातून जोर आणि लांबी कळत नाही.